एकट्याने घेतलेली भेट

२ सप्टेंबर, सोमवार

प्रिय ठकू,

प्रभूच्या नावाने सलाम.

आधी घरातल्या एकेकाचं विचारतो. तू जिच्याकडे राहायला गेलीस, त्या आपल्या मावसबहिणीचा दमा कसा आहे? हवा पालटली की तिची छाती वाजायला लागते, हे मी ती परकरात होती तेव्हापासून पाहतोय. तिच्या नवऱ्याने कवळी बसवली असं कानावर आलं. कवळीने चावता येतं का, की नुसती हसण्यापुरती? जुळ्या आता शाळेत जात असतील. त्यांतली एक बोलताना अडखळायची, ती आता धडाधड बोलते का? आणि तुझी पाठ? इस्पितळात अजून तुलाच रोग्यांना उचलून कुशीवर वळवायला लावतात, की वय पाहून एखादं बसकं काम दिलं? तुझं सगळ्यात शेवटी विचारलं, कारण दोन वर्षांनी विचारतोय. धीर गोळा करायला बाकीच्यांच्या तब्येती कामी आल्या.

आमचं म्हणशील तर तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात. ती म्हणते, घरात दुसरं कुणी बोलत नाही म्हणून ते बोलतात. माझी नजर अधू झाली आहे. खुर्ची विणताना चौकटीचं भोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला दिसतं. सध्या चर्चच्याच बावीस खुर्च्या कारखान्यात येऊन पडल्या आहेत. वेत जुना झाला की माणसं बसता बसता खाली जातात. मागच्या महिन्यात पोस्टमास्तर उपदेश चालू असताना खुर्चीत असे रुतले की त्यांना दोघांनी उपसून काढलं.

आता कामाचं. चर्चला नवे पाळक आले आहेत. पोरगेले आहेत, दाढी अजून एका गालावर नीट धरत नाही, पण डोकं जागेवर आहे. त्यांनी सभासदांचा पट तपासायला घेतला आहे. म्हणतात, इथल्या प्रत्येक नावामागे माणूस आहे का, आणि त्या माणसाला विचारणारं कुणी आहे का, ते पाहू. तुझ्या नावावर रेघ आहे. त्यांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "या तुमच्या कोण?" मी म्हटलं, "बहीण." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण बोटही उचललं नाही.

ठकू, तुला माहीत आहे, आपल्याकडे रीत आहे. कुणाचं पाऊल वाकडं पडलं तर आधी एकाने एकट्याने जाऊन बोलायचं, चारचौघांत ब्र काढायचा नाही. नाही पटलं तर दोघांनी जायचं. तरी नाही, तर चर्चच्या साऱ्या मंडळीपुढे. तू चष्मेवाल्याच्या घरी लग्नावाचून राहायला गेलीस, तेव्हाही सगळं त्याच पायऱ्यांनी झालं. इतिवृत्तात तशी नोंद आहे. कुणी आकसाने केलं नाही.

तेव्हा माझं ऐक. दोन ओळी लिहून पाठव. झालं ते चुकलं, मंडळीने पदरात घ्यावं, इतकंच. मी वाचून दाखवीन. नाव पटावर नसलं म्हणून देव विसरतो असं नाही, पण माणसं विसरतात, आणि माणसांनी विसरलेलं माणूस किती दिवस देवाच्या आठवणीवर तग धरणार?

तुझा
दादा


१७ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय ठकू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एकच ओळ! ना सलाम, ना खुशाली. "पहिल्या भेटीला कोण आलं होतं?" शाई तरी जरा खर्चायचीस.

खुर्च्यांपैकी नऊ झाल्या. वहिनीने गुडघ्यांना कसलंसं तेल लावायला सुरुवात केली आहे, त्याचा वास असा की शेजाऱ्यांचं मांजर आमच्याकडे यायचं बंद झालं. पाळकांनी एक बरी गोष्ट केली. प्रभुभोजनाच्या आधी आम्ही मंडळीने निवडलेले वडील लोक आपापल्या वाट्याच्या घरी जाऊन भोजनाची कार्डं देतो, ती पूर्वी उंबऱ्यावरून हातात ठेवून सटकायचो. आता त्यांनी सांगितलं आहे, बसायचं. कुणाशी अबोला आहे का, मनावर काही ओझं आहे का, हे विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. गप्प राहणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. मी शिकलेला माणूस नाही. दुकानदार खुर्च्या ज्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून पाठवायचे, त्यांवर अक्षरं लावत वाचायला शिकलो. मिळालेले शब्द वाया घालवायचे नाहीत म्हणून बोलत सुटतो.

तू विचारलंस त्याचं. इतिवृत्तात लिहिलं आहे, "वडिलांनी एकट्याने भेट घेतली, प्रेमाने समजावले, ऐकले नाही." खाली सही माझी आहे. दुसऱ्या भेटीला खडूगुरुजी आणि ऑर्गनवाल्या बाई आल्या होत्या. गुरुजींना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कोटाच्या खिशात खडू असतो, तेच ते. तू दार अर्धंच उघडलंस म्हणे, आणि म्हणालीस, "दादा आला तर बोलेन." गुरुजींनी ते उर्मटपणा म्हणून लिहून घेतलं. वडीलमंडळात त्यांनी ते वाचलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

आज इथेच थांबतो. वेत पाण्यात टाकला आहे, जास्त भिजला तर काळा पडतो.

दादा


३० सप्टेंबर, सोमवार

ठकू,

मागचं पत्र टाकलं आणि पेटीजवळच उभा राहिलो. हात आत घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं.

तुझं कार्ड वहिनीला सापडलं. मी ते वेताच्या भेंडोळ्याखाली ठेवलं होतं. तिने जेवताना ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही तिच्याकडे वर गेला होता ना?"

मी म्हटलं, "इतिवृत्तात आहे."

"मी इतिवृत्ताशी लग्न नाही लावलं. तुम्ही गेला होता का?"

"जेव तू. गार होतंय."

"गार झालेलं मी तीस वर्षं खातेय. गेला होता का?"

मग मी सांगितलं. तिला सांगितलं ते तुला सांगतो, एका दमात, नाहीतर राहून जाईल.

मी वर आलो नाही.

निघालो होतो. माझ्या वाट्याला चौदा घरं, तुझं शेवटचं ठेवलं होतं. दुपारची वेळ होती. खाली कुलूपवाला किल्ली कानशीने घासत होता. म्हणाला, "आहेत वर, दोघंही आहेत." ते 'दोघंही' माझ्या कानात खुपलं. पहिला मजला चढलो, दुसरा चढलो. तिसऱ्याला सहा पायऱ्या उरल्या होत्या. तेव्हा तुझं हसू ऐकलं. तू आणि तो, दोघं मिळून हसत होता. आई गेल्यापासून तुला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंडळी हिच्या नावाने कुजबुजतेय, मी मान खाली घालून चाललोय, आणि हिला हसू फुटतंय! मी वळलो. खाली कुलूपवाल्याने विचारलं, "झाली भेट?" मी म्हटलं, "झाली." पहिलं खोटं त्याच्यापाशी बोललो. त्यानंतरचं, वडीलमंडळापुढचं, मग तितकं जड गेलं नाही. सहीला तर काहीच वाटलं नाही.

राग आला म्हणून वळलो असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो. वहिनीने ते चालू दिलं नाही. म्हणाली, "रागावलेला माणूस दार बडवतो. तुम्ही भ्याला होता." खरं आहे. तू "हो, केलं" म्हणाली असतीस तर वडील म्हणून मला काहीतरी करावं लागलं असतं. "नाही, तसं नाही" म्हणाली असतीस तर भाऊ म्हणून सगळ्यांशी भांडावं लागलं असतं. दोन्हींची भीती वाटली. न विचारलं तर दोन्ही टळत होतं.

आणि एक. चष्मेवाला गेला ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तो चर्चमध्ये मागच्या खुर्चीवर बसायचा, पण सभासद कधी झाला नाही. म्हणायचा, "मी येतो, ऐकतो, नाव कशाला हवं?" त्याचं नाव पटावर नव्हतं, तुझं उरलं नव्हतं, म्हणून मातीला जाणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही. मी कारखान्यात बसून एक स्टूल विणत होतो. विणलं, उसवलं, पुन्हा विणलं. कुलूपवाला गेला होता हे मागाहून समजलं.

तुला दोन ओळी माफीच्या लिही म्हणून मी सांगितलं. कोणत्या तोंडाने सांगितलं, देव जाणे.

दादा


१४ ऑक्टोबर, सोमवार

ठकू,

तुझं दीड पानाचं पत्र मी कारखान्यात एकदा वाचलं आणि घरी वहिनीने मोठ्याने वाचलं. ती मधे दोनदा थांबली.

तो पाच महिने अंथरुणाला खिळला होता हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पाठीच्या कण्याचं दुखणं, कमरेखाली पाय असून नसल्यासारखे. तू त्याचं करायला राहिलीस. त्या दुपारी तू डॉक्टरची नक्कल करत होतीस, त्याने हसून तोंड उघडलं की चमचा आत सारायचा म्हणून. आणि मी सहा पायऱ्यांवर उभा राहून त्या हसण्यावर निकाल दिला.

पण तू तिथे थांबली नाहीस. तुझ्यासारखीच तू, अर्धं सांगून मोकळी होत नाहीस. लिहिलंस, "आम्ही धुतल्या तांदळासारखे होतो असं समजू नकोस दादा. तो धडधाकट होता तेव्हा आमचं चुकलं होतं. मला ते खात होतं. गुरुजींना कसं सांगू? त्यांच्या खिशातल्या खडूची भीती वाटायची. तुला सांगितलं असतं. तू वर आला असतास तर तुझे पाय धरले असते, म्हटलं असतं, पाळकांना घेऊन ये, याला उठता येत नाही, इथेच पलंगापाशी आमचं लग्न लावून दे. मी रोज कार्डाच्या दिवसाची वाट पाहत होते. कुणीतरी येऊन मला विचारावं म्हणून माणूस मंडळीत राहतो ना?"

वहिनी थांबली ती इथे.

माझ्या डोक्यात शिस्त म्हणजे नाव कमी करणं होतं. तू शिस्तीची वाट पाहत होतीस, दार लोटून आत येणाऱ्याची. मी आलो असतो तर तू त्याची बायको म्हणून त्याला माती दिली असतीस. हे आता कशाने भरून येणार? मी विचार करतो आणि हात थांबतो.

शनिवारी वडीलमंडळात सांगितलं. तीन वाजताची सभा, चहा यायचा होता. सगळं सांगून झाल्यावर खडूगुरुजी खुर्ची मागे सारून म्हणाले, "झालं ते झालं. आता चव्हाट्यावर कशाला? तिचं नाव हळूच पटावर घालू. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

मी म्हटलं, "नाव काढलं तेव्हा रविवारी मोठ्याने वाचलं होतं, गुरुजी. तुम्हीच वाचलं होतं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं होतं."

"म्हणून आता मंडळीची अब्रू वेशीला टांगायची? लोक म्हणतील, यांच्या वडिलांचीच ही तऱ्हा."

"म्हणू देत. तऱ्हा आहेच."

"तुम्हाला मोठेपणा हवाय. पापाचाही मोठेपणा असतो."

हे लागलं मला, कारण थोडं खरं असेल. पाळक म्हणाले, "दादा, तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून वाचायचं असेल तर वाचू नका. त्यांच्यावरचा आळ उतरावा म्हणून असेल तर वाचा. आणि वाचलंत तर पुढचंही ऐकावं लागेल. जी रीत त्यांना लावली ती तुम्हाला लागेल." मी म्हटलं, "लागू दे." ते म्हणाले, "आणि त्यांनी तुम्हाला लिहिलेलं वाचायचं नाही. ते तुमच्यापाशी कबूल केलं आहे, मंडळीपाशी नाही." एवढ्या कोवळ्या माणसाला हे सुचलं आणि मला सुचलं नव्हतं. मी तुझं पत्र खिशात घालूनच गेलो होतो.

येत्या रविवारी वाचणार आहे. तू नको म्हणालीस तर नाही. शनिवारपर्यंत पोस्टात रोज विचारीन.

दादा


२८ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय ठकू,

"वाच" एवढाच शब्द आला. या वेळी शाई कमी खर्चलीस म्हणून तक्रार नाही.

वाचलं त्याला काल आठ दिवस झाले. लगेच लिहायला बसलो नाही, कारण लिहिताना मी स्वतःला बरा माणूस करून टाकतो, हे मला या दीड महिन्यात कळलं आहे. वहिनी आता प्रत्येक पत्र पाकिटात जाण्याआधी वाचते. मागच्यातली चार वाक्यं तिने काढायला लावली. म्हणाली, "यात तुम्ही रडताय. तिला तुमचं रडणं पोचवून काय करायचंय?"

तर थोडक्यात. उपासनेनंतर उभा राहिलो. कागदावर सहा ओळी होत्या. मी त्या भेटीला गेलो नव्हतो. गेलो असं खोटं सांगितलं आणि सही केली. त्या सहीवर माझ्या बहिणीचं नाव कमी झालं. तिला कुणी विचारलंच नाही, मग ऐकलं नाही असं कसं म्हणायचं. हा दोष माझा आहे. बस. तुझ्या पत्रातला एक शब्दही बोललो नाही. चष्मेवाला आजारी होता तेही नाही, ते सांगणं तुझ्याकडे आहे.

 मग ऑर्गनवाल्या बाई उठल्या. ऑर्गनच्या स्टुलावरूनच, पाठमोऱ्या. म्हणाल्या, "त्या अर्ध्या दारातून मला आत पलंग दिसला होता. औषधांच्या बाटल्या दिसल्या होत्या. गुरुजींना दिसल्या नसतील, ते वहीत बघत होते. मी जिना उतरताना काही बोलले नाही, नंतरही नाही." आणि खाली बसल्या. त्यांच्या कोपराचा धक्का लागून एक सूर वाजला, तो त्यांनी दाबून धरला की सुटेना, कोण जाणे, बराच वेळ वाजत राहिला.

निर्णय असा. तुझ्याविरुद्धचा ठराव रद्द. तोही मोठ्याने वाचला, शेवटच्या रांगेपर्यंत. मी वडील राहिलो नाही. चौदा घरं दुसऱ्याकडे गेली. सहा महिने प्रभुभोजनाला बसायचं, पण घ्यायचं नाही. काल पहिल्यांदा ताट माझ्यापुढून गेलं. सवयीने हात वर आला होता, तो परत गुडघ्यावर ठेवला. वाढणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो भला माणूस आहे, मला लाज वाटू नये म्हणून पाहिलं नसेल. पण पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्यापुढून ताट गेलं नाही, तुला ताटावरूनच नव्हे, गावातूनच उठवून दिलं. माझं त्यापुढे काहीच नाही.

एक मात्र होतंय. दर गुरुवारी पाळक कारखान्यात येतात. उरलेल्यांतली एखादी खुर्ची ओढून बसतात, विचारतात, "कसं आहे मन?" आणि खरंच गप्प राहतात. पहिल्या गुरुवारी मी त्यांना वेताचे प्रकार समजावून सांगितले. या गुरुवारी सांगितलं की मला झोपायला भीती वाटते, तू दाराशी उभी आहेस आणि मी कडी काढत नाही असं दिसतं. हे मी वहिनीलाही सांगितलं नव्हतं. खडूगुरुजी माझ्याशी बोलत नाहीत. परवा रस्त्यात समोरून आले आणि पलीकडच्या बाजूला गेले. पाळकांना म्हटलं, त्यांच्याकडेही जा. ते म्हणाले, "तुम्ही जा. तुमचा त्यांच्याशी अबोला आहे, वडील असण्याची गरज नाही त्याला." जाईन म्हटलं आहे. अजून गेलो नाही.

आता तुझ्या नावाचं. पटावरची रेघ रद्द झाली, पण नाव नव्याने लिहिलेलं नाही. पाळक म्हणाले, विचारल्याशिवाय काढलं ती चूक झाली, विचारल्याशिवाय घातलं तर तीच चूक दुसऱ्यांदा. तू कुठल्या मंडळीत आहेस, कुठे राहायचं आहे, की कुठेच नाही, आधी काय सांगायचं आहे, कुणाला सांगायचं आहे, हे तुला विचारायला कुणीतरी जायला हवं. कोण जाईल, असं सभेत विचारलं. मी हात वर केला नाही. मला तो अधिकार नाही. वहिनीने केला. तिने गुडघ्यांचं कारण स्वतःच सांगून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणी काढू नये. ती येते आहे, बसने, नऊ तारखेला, शनिवारी.

मला तिच्याबरोबर यायचं आहे. मंडळीचा म्हणून काही विचारायला नाही. भाऊ म्हणून, वहिनीच्या नंतर, एकटा. तू काय म्हणशील ते ऐकेन. चष्मेवाल्याला कुठे माती दिली ते मला कुलूपवाल्याने सांगितलं आहे, पण तू म्हणालीस तरच तिकडे जाईन. तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर तसं लिही, मी इथल्याच बसस्थानकावर वहिनीला बसमध्ये बसवीन आणि ती परतली की घरी आणीन. पण ते तू सांगायला हवंस. मागच्या वेळी तुला न विचारता माघारी फिरलो होतो. या वेळी फिरलो तर तुझ्या सांगण्यावरून फिरेन.

मावसबहिणीला, तिच्या नवऱ्याला, जुळ्यांना सलाम. ऊन पडलं की दमेवाल्यांनी गच्चीत बसावं असं वहिनी सांगते आहे.

तिकिटं सहा तारखेला काढायची आहेत. त्याआधी एक की दोन, तेवढं लिहून लवकर पाठव.

तुझा
दादा